दप्तरांतलें पुणें

मराठी भाषेंत 'दप्तर' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक दप्तर आमचे विद्यार्थी रोज सकाळीं पाठीवर टाकून शाळेंत आणतात. त्यांत वह्या, पुस्तकें, डबा आणि आईची दृष्टि चुकली तर चार गोट्याही असतात. दुसरें दप्तर राजाचें, सरदाराचें, देवस्थानाचें किंवा गांवच्या कुळकर्ण्याचें. त्यांत जमाखर्च, सनदा, तंट्यांचे निवाडे, जासुदांनीं आणलेलीं पत्रें आणि पूर्वजांच्या सह्या-शिक्के बांधून ठेविलेले असतात. पहिल्या दप्तराचें ओझें मुलांस पुरतें ठाऊक आहे. दुसऱ्या दप्तराशीं त्यांची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे. कारण आपण ज्या शहरांत राहतों त्याचा खरा इतिहास या दुसऱ्या दप्तरांत आहे, आणि त्यांत शिरण्यासाठीं प्रथमच मोठें पांडित्य लागतें असें नाहीं. चिकाटी, डोळस दृष्टि आणि सत्याची चाड हीं तीन साधनें जवळ असलीं म्हणजे आरंभ करितां येतो.

प्रथम आपलें शहर कोठें वसलें आहे तें पाहूं. पुणें हें डोंगरांतलें शहर आहे असें म्हटलें तर महाबळेश्वर पाहून आलेला विद्यार्थी हसेल. परंतु पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर, म्हणजे अठराशे फुटांहून अधिक, उंचीवर आहे. पर्वती, चतुःशृंगी आणि वेताळ टेकडी त्याच्या अंगणांतच आहेत, दक्षिणेस कात्रजचा डोंगर आहे आणि नैर्ऋत्येस सिंहगड पहाऱ्यावर बसला आहे. मुळा आणि मुठा या दोन्ही नद्या सह्याद्रींतून येतात व येथें संगम पावतात. खंडाळा ते पुणें अशी आगगाडी १८५८ सालीं धावूं लागली. परंतु बोरघाटांतला लोहमार्ग पुरा होण्यास १८६३ साल उजाडावें लागलें. पांच वर्षें गाडी डोंगराच्या माथ्यावर आणि पायथ्याशीं येऊन थांबत होती, व मधला घाट उतारूंना रस्त्यानें ओलांडावा लागत होता. डोंगरानें या शहराला पाणी दिलें, संरक्षण दिलें आणि अडचणीही दिल्या. म्हणून पुण्याचा इतिहास वाचूं पाहणारानें एक डोळा कागदावर आणि दुसरा डोंगरावर ठेवावा, असें आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस सांगत असतों.

आतां हे कागद आहेत कोठें? पुण्यासारखें भाग्यवान् शहर या बाबतींत विरळा. १८४८ सालीं स्थापन झालेलें 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' नांवाचें ग्रंथालय आज पुणें नगर वाचन मंदिर या नांवानें ओळखलें जातें. छापील पुस्तकांपासून आरंभ करणारास तें योग्य द्वार आहे. कौन्सिल हॉलच्या शेजारीं सरकारी पुराभिलेखागार आहे; त्यास लोक अजून प्रेमानें 'पेशवे दप्तर' म्हणतात. सदाशिव पेठेंत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तें ७ जुलै १९१० रोजीं इतिहासाचार्य राजवाडे व खंडेराव मेहेंदळे यांनीं स्थापिलें. १९१७ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संस्था निघाली. तेथील हस्तलिखितांचा संग्रह जगप्रसिद्ध आहे, आणि महाभारताची चिकित्सित आवृत्ति तेथेंच सिद्ध झाली. डेक्कन कॉलेजांत पारसनिसांचा ऐतिहासिक संग्रह आहे. तो प्रथम सातारा येथें होता व १९३९ सालीं पुण्यास आला. एवढीं भांडारें एका शहरांत असतां, आपल्या पेठेचें नांव कशावरून पडलें हें मुलांस सांगतां येऊं नये, ही गोष्ट आम्हांस नेहमी खटकते.

पेशवे दप्तराची कथा ऐकण्यासारखी आहे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, तेव्हां एल्फिन्स्टन साहेबानें हे कागद जाळले नाहींत किंवा वाऱ्यावरही सोडले नाहींत. कॅप्टन मॅक्लाउड या अधिकाऱ्यास नेमून त्यानें ते एकत्र करविले. यांत परोपकारापेक्षां राज्यकारभाराची गरज अधिक होती. कोणाचें इनाम खरें, कोणाचें वतन खोटें, कोणत्या गांवाचा वसूल किती, हें सांगणारा दुसरा साक्षीदार नव्हता. पुढें इनामांच्या चौकशीच्या निमित्तानें आणखी कागद जमा झाले, आणि १८९१ सालीं त्यांच्यासाठीं स्वतंत्र इमारत उभी राहिली. आजही तेथें लांबच लांब मांडण्यांवर हजारों 'रुमाल' रचलेले आहेत. रुमाल म्हणजे हात पुसण्याचा नव्हे. कागदांचे गठ्ठे बांधण्याचें चौकोनी वस्त्र, आणि त्यावरून त्या गठ्ठ्यासही तेंच नांव पडलें. १९३० ते १९३४ या काळांत रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं या अरण्यांतून निवडक कागद काढून पंचेचाळीस भागांत छापविले. ते भाग आज मोठ्या ग्रंथालयांतून पाहावयास मिळतात. विद्यार्थ्यानें एक तरी भाग हातांत घेऊन चाळावा. सगळा समजला नाहीं तरी चालेल. आपल्या गांवाचें नांव सांपडलें कीं मन आपोआप गुंतूं लागतें.

सरकारी दप्तर सरकारनें राखलें. पण घरोघरींच्या दप्तरांचें काय? तीं राखलीं तीं कांहीं वेड्या माणसांनीं, आणि येथें 'वेडा' हा शब्द आम्ही गौरवानें वापरीत आहों. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गांवोगांव पायपीट करीत हिंडले, लोकांच्या माळ्यांवर चढले, धुळीनें माखले, कोठें आदर झाला तर कोठें दारही लागलें. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला आणि एकंदर बावीस खंड झाले. मिरजेस वासुदेव वामन खरे हे शाळेंत संस्कृत शिकवीत. त्यांनीं पटवर्धन सरदारांच्या कागदांवर सारें आयुष्य वेंचून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला. शाळेची नोकरी संभाळून एका मनुष्यास केवढें काम करितां येतें याचें हें उदाहरण आम्हां शिक्षकांस लाजविणारें आहे आणि धीर देणारेंही आहे.

कागद हातीं आला म्हणजे पहिली अडचण लिपीची. जुने मराठी कागद बहुतेक मोडी लिपींत आहेत. बोरूनें भराभर लिहितां यावें, हात फारसा उचलावा लागूं नये, म्हणून ही लिपि वापरीत. लेखक आधीं पानभर आडव्या रेघा ओढी आणि मग त्या रेघांना अक्षरें लटकवीत जाई. शब्द तोडून लिहिण्याची चाल नव्हती, विरामचिन्हें नव्हतीं, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नव्हता. या शेवटच्या गोष्टीचें आमच्या वर्गांत फार स्वागत होतें! 'राजश्री', 'परगणे', 'मौजे' असे नेहमींचे शब्द तर एकदोन अक्षरांतच उरकीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडी शिकवीत असत. ती बंद झाली आणि दोन पिढ्यांत आजोबांचें पत्र नातवास परकें झालें. परंतु भिण्याचें कारण नाहीं. पुण्यांत मोडीचे वर्ग चालतात, आणि नेटानें महिना-दोन महिने बसणारास सोपा कागद लागूं लागतो. एका भाषेची जुनी लिपि शिकणें हें नवी भाषा शिकण्यापेक्षां पुष्कळ सोपें आहे, कारण अक्षर ओळखलें कीं शब्द आपलाच निघतो.

दुसरी अडचण कालाची. जुन्या कागदांत इसवी सन सांपडत नाहीं. कोठें शालिवाहन शक असतो, कोठें राज्याभिषेक शक, आणि पुष्कळ ठिकाणीं अरबी म्हणजे सुहूर सन. हा सन मृगनक्षत्राबरोबर सुरू होतो, म्हणून त्यास मृगसालही म्हणतात. शेतकऱ्यांच्या देशाला तो सोयीचा होता. तो आंकड्यांत न लिहितां अरबी शब्दांत लिहीत, आणि एकं स्थानापासून आरंभ करीत. उदाहरण घेऊं. 'इहिदे सितैन मया व अलफ' असें एका कागदावर आहे असें समजा. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, मिळून ११६१. या सनांत मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि पुढील जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. कागद पौष महिन्यांतला, जानेवारीचा असेल, तर ११६१ आणि ६०० मिळून १७६१ झाले. हें साल प्रत्येक मराठी मुलास ठाऊक आहे. शालिवाहन शकानें पडताळा पाहूं. पानिपतचा संग्राम पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ या दिवशीं झाला. शकांत सामान्यतः ७८ मिळवावे, परंतु जानेवारीपासून चैत्राच्या आरंभापर्यंत ७९ मिळवावे लागतात. १६८२ आणि ७९ मिळून १७६१च. दोन वाटांनीं जाऊन एकाच ठिकाणीं पोंचलों, तेव्हां मनास जो विश्वास वाटतो तोच इतिहासाचा पाया. गणिताच्या तासास कंटाळणाऱ्या मुलांनीं हीं उदाहरणें सोडवून पाहावीं.

तिसरी अडचण सर्वांत मोठी, आणि ती लिपीची नव्हे, मनाची. वाचलेलें सगळें खरें मानावयाचें कीं काय? येथें न्यायाधीशाची वृत्ति लागते. बखर बहुधा घटना होऊन गेल्यावर लिहिलेली असते, आणि लिहिणारास आपल्या धन्याची कीर्ति गावयाची असते. पत्र त्याच दिवसांतलें असतें, पण तेंही घाबरलेल्या, रागावलेल्या किंवा कांहीं लपवूं पाहणाऱ्या माणसाचें असूं शकतें. रोजकीर्द, म्हणजे दररोजचा जमाखर्च, ही सर्वांत रूक्ष. तिला कोणाची स्तुति करावयाची नसते, फक्त पैसा जुळवावयाचा असतो. म्हणूनच तिची साक्ष मोलाची. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजीं झाली आणि वास्तुशांति २२ जानेवारी १७३२ रोजीं. पहिल्या बांधणीचा खर्च १६,११० रुपये झाल्याचें सांगतात. कोणी कल्पनेनें सांगितलें असतें तर 'लाखों रुपये' म्हटलें असतें. वरचे एकशें दहा रुपये कोणा कारकुनाच्या हिशेबांतून आल्यावांचून राहिले नसतील. गणेश चिमणाजी वाड यांनीं अशा रोजकीर्दींतून काढलेले उतारे छापलेले आहेत. त्यांत लढाया थोड्या आणि विहिरी, धर्मादाय, वाटाड्ये, चोऱ्या व कर्जें यांच्या गोष्टी फार. आणि शहर म्हणतात तें याच गोष्टींनीं बनलेलें असतें.

इतकें सांगून झाल्यावर एक शोध प्रत्यक्ष करून पाहूं. पुण्याच्या जुन्या पेठांतून काळा हौद, नाना हौद, सदाशिव पेठेचा हौद अशीं नांवें ऐकूं येतात. नदी तर खालीं, मग या हौदांत पाणी येई कोठून? प्रश्न असा लहान आणि नेमका असावा. 'पुण्याचा इतिहास सांगा' या प्रश्नास उत्तर देतां देतां ग्रंथालयाचा कारभारी थकेल. पण 'या हौदांत पाणी कोठून येई' या प्रश्नास तो तत्काळ दोन पुस्तकें काढून देईल. त्यांतलें एक नारायण विष्णु जोशी यांचें 'पुणें शहराचें वर्णन', १८६८ सालचें. दुसरें मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अठरावा खंड. हा पुण्याविषयींचा असून १८८५ सालीं तीन भागांत निघाला. त्यावरून कळतें कीं नानासाहेब पेशव्यांच्या काळीं, इ.स. १७५० च्या सुमारास, कात्रजच्या डोंगराशीं तलाव बांधून तेथून भुयारी नळानें पाणी शहरांत आणिलें. पुढें नाना फडणिसांनीं आंबेगांवाकडून दुसरा नळ आणिला आणि रास्त्यांनीं कोंढव्याकडून तिसरा. या नळांना ना यंत्र, ना इंधन. डोंगर उंच आणि शहर सखल, एवढ्याच नियमावर सारें काम. वाटेंत पाण्यांतला गाळ खालीं बसावा आणि कोंडलेल्या हवेला मार्ग मिळावा म्हणून ठिकठिकाणीं दगडी मनोरे बांधले होते. त्यांना 'उच्छ्वास' असें सुंदर नांव आहे. पुस्तक मिटून विद्यार्थ्यानें दक्षिणेकडे चालत जावें. कांहीं उच्छ्वास अजून घरांच्या गर्दींत उभे आहेत. शेजारून रोज जाणाऱ्या लोकांस ते कसले खांब आहेत हें ठाऊक नसतें. कागद वाचून आलेल्या मुलास तो नळाचा श्वास वाटतो.

'हें जाणून लाभ काय?' असा प्रश्न व्यवहारी पालक विचारतील, आणि तो रास्त आहे. त्याचें उत्तर त्याच कात्रजच्या डोंगरांतून खालीं येतें. तेथें उगम पावणारा आंबिल ओढा शहरांतून वाहत नदीस मिळतो. शहर वाढूं लागलें तेव्हां पेशवाईंत त्याचा प्रवाह वळवून वस्तीसाठीं जागा करण्यांत आली. ओढा वळला, पण उतार वळत नाहीं आणि पाऊस कोणाची सनद वाचीत नाहीं. पुढील काळांत त्याच्या कांठांवर आणि पात्रालगत घरें उठत गेलीं, आणि उन्हाळ्यांतला ओढा गटारासारखा दिसूं लागल्यामुळें लोक त्याचें मूळ रूप विसरले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं दक्षिणेच्या डोंगरांवर मुसळधार पाऊस कोसळला. ओढ्यानाल्यांचें पाणी घरांत शिरलें, भिंती पडल्या, वाहनें वाहून गेलीं आणि शहर व परिसरांत वीसांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. जुना नकाशा पूर थांबवूं शकत नाहीं. परंतु पाणी पूर्वीं कोठून जात असे हें तो सांगतो, आणि तें ठाऊक असलेला नागरिक घर घेतांना, भिंत बांधतांना, नगरसेवकास जाब विचारतांना अधिक शहाणपणानें वागतो. इतिहासाचा विसर कधीं कधीं जिवावर बेततो, तो असा.

पेठांच्या नांवांतही अशीच माहिती दडलेली आहे. आजची गुरुवार पेठ पूर्वीं वेताळ पेठ होती. सोमवार पेठेचें नांव शहापुरा होतें. आणि बुधवार पेठ जेथें आहे तेथें औरंगजेबाच्या काळीं मोहियाबाद वसलें होतें. त्याही पलीकडे जावें तर राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ.स. ७५८ व ७६८ च्या ताम्रपटांत 'पुण्यविषय' आणि 'पूनकविषय' अशीं नांवें भेटतात. विषय म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा प्रांत. क्वार्टर गेटाजवळील सिटी चर्चची जागा १७९२ सालीं, सवाई माधवरावांच्या कारकिर्दींत, पेशव्यांच्या लष्करांत चाकरी करणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या उपासनेसाठीं मिळाली. एका शहरांत किती लोक येऊन राहिले आणि एकमेकांस जागा देऊन राहिले, हें अशा नोंदींवरून दिसतें. 'हें शहर फक्त आमचें' असें म्हणणारास दप्तर नम्रपणें गप्प बसवितें.

मात्र दप्तरासही एक मोठी उणीव आहे, ती विद्यार्थ्यांनीं ओळखली पाहिजे. राजाच्या दप्तरांत राजाला हवें तें असतें. ज्याला इनाम मिळालें त्याचें नांव सांपडतें. ज्यानें दगड वाहिले त्याचें क्वचितच सांपडतें. स्त्रिया तर बहुधा कोणाची तरी आई, बायको किंवा विधवा म्हणूनच येतात. मग या लोकांचा इतिहास कोठें शोधावा? वर्तमानपत्रांच्या जुन्या फाइली, शाळांचे अहवाल, चर्चमधील बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदवह्या, न्यायालयांतील जबान्या, आणि आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या, या सर्वांत तो विखुरलेला आहे. एकच उदाहरण देतों. जोतीराव फुले हे स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेचे विद्यार्थी. त्यांनीं व सावित्रीबाईंनीं १८४८ सालीं बुधवार पेठेंत भिडे वाड्यांत मुलींची शाळा काढली. पुढें त्यांच्या एका शाळेंत मुक्ता नांवाची चौदा वर्षांची मुलगी शिकत होती. जिला अस्पृश्य मानीत अशा समाजांत ती जन्मली होती. त्या समाजाचीं दुःखें तिनें एका निबंधांत लिहिलीं, आणि तो निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आला. भिडे वाडा २०२३ च्या डिसेंबरांत, तेथें स्मारक उभारावें म्हणून, पाडण्यांत आला. त्याच्या विटा आतां नाहींत. पण त्या मुलीचा निबंध आहे. कोणा ग्रंथपालानें 'ज्ञानोदया'चे अंक बांधून ठेविले नसते, तर एका शाळकरी मुलीचा तो आवाज आज आपणांस ऐकूं आला नसता. मोठमोठ्या सरदारांचीं नांवें पुसलीं गेलीं आणि एका विद्यार्थिनीचा निबंध राहिला, यापरतें कागदाचें सामर्थ्य दुसरें कोणतें?

हें सामर्थ्य नाजूकही आहे. २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं शनिवारवाड्यास आग लागली आणि आंतील इमारती जळून गेल्या. १८७९ च्या मे महिन्यांत बुधवार वाडा जळाला. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठच्या पेठांतील किती घरांच्या पेट्या, चोपड्या व छायाचित्रें चिखलांत गेलीं त्याची गणती नाहीं. ५ जानेवारी २००४ रोजीं एका जमावानें भांडारकर संस्थेंत शिरून पुस्तकांची व हस्तलिखितांची नासधूस केली. आग आणि पाणी यांना निदान डोळे नसतात, माणसाला असतात. एखाद्या पुस्तकांतील मत पटलें नाहीं तर दुसरें पुस्तक लिहावें. ग्रंथालयावर हात टाकणारा आपल्याच आजोबांवर हात टाकीत असतो.

परंतु या चारही संकटांपेक्षां मोठें संकट रोज, गाजावाजा न होतां, ओढवत असतें. वाडा पडावयाचा असतो, इमारत व्हावयाची असते, कुटुंबास आठ दिवसांत जागा रिकामी करावयाची असते. माळ्यावरचीं भांडीं खालीं उतरतात, त्यांचें वजन होतें, आणि शेजारचें धुळकट गांठोडें रद्दीवाल्याच्या तराजूंत पडतें. 'त्यांत कांहीं नव्हतें, जुने कागद होते,' असें उत्तर आम्हीं विद्यार्थ्यांच्या तोंडून एकाहून अधिक वेळां ऐकलें आहे, आणि प्रत्येक वेळीं आमच्या पोटांत धस्स झालें आहे. ते कागद कदाचित् अगदीं सामान्य असतील. पण दुष्काळांत धान्याचा भाव काय होता, प्लेगाच्या वर्षीं कुटुंब कोठें झोपडी बांधून राहिलें, पहिली मुलगी शाळेंत कधीं गेली, हें सामान्य कागदच सांगतात.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे. घर सोडतांना किंवा दिवाळीची सफाई करतांना जुन्या कागदांचा गठ्ठा न पाहतां टाकूं नये. तो उन्हांत किंवा ओलीत ठेवूं नये. फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावूं नये, कारण तिच्या खळीनें कागद पिवळा पडून कुजतो. कडा कापून सारख्या करूं नयेत. स्वच्छ सुती फडक्यांत सैल बांधून कोरड्या जागीं ठेवावा, वाळवी लागली नाहीं ना हें अधूनमधून पाहावें, आणि तो कोठें, कोणाच्या पेटींत सांपडला हें एका चिठ्ठीवर लिहून आंत घालावें. मोबाईल हल्लीं घरोघरीं आहे. प्रत्येक पानाचें छायाचित्र घेऊन ठेविलें तर उत्तमच, पण छायाचित्र घेतलें म्हणून मूळ कागद टाकूं नये. कागद मोडींत असतील तर वर सांगितलेल्या संस्थांपैकीं कोठें तरी दाखवावे. ते द्यावे कीं घरींच ठेवावे हा ज्याचा त्याचा विचार. परंतु त्यांत काय आहे हें कळल्यावांचून त्यांचें भवितव्य ठरवूं नये.

आणि विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, तुमच्यासाठीं सुट्टीचें एक काम आहे. आपल्या गल्लींतील एक नांव निवडा. तें देवळाचें असो, बोळाचें, हौदाचें किंवा मारुतीचें. पुण्यांत मारुतींच्या नांवांना तोटा नाहीं. तीन वृद्ध माणसांस त्याची हकीकत विचारा आणि तिघांचीं उत्तरें वेगवेगळीं लिहा. तीं जुळलीं नाहींत तर खोडूं नका. मग ग्रंथालयांत जाऊन एक तरी छापील पुस्तक पाहा, पुस्तकाचें नांव, साल आणि पान टिपून घ्या. शेवटीं, तुमच्या मतें काय खरें आणि तें कां, हें दहा ओळींत लिहा. 'असें म्हणतात' आणि 'असें लिहिलें आहे' या दोन वाक्यांतला भेद ज्या मुलास कळला त्याचें शिक्षण बरेंच पुढें गेलें असें आम्ही समजूं. आजकाल कोणतीही बातमी क्षणांत गांवभर होते आणि कोणी विचारीत नाहीं कीं ही प्रथम सांगितली कोणी. जुना कागद पारखावयास शिकलेला मुलगा नवी अफवाही पारखून घेईल.

हा वार्षिक अंकही उद्यां कोणाच्या तरी हातीं जुना कागद म्हणूनच पडणार आहे. यांतले निबंध, खेळांचे निकाल, स्नेहसंमेलनाची हकीकत आणि वर्गांचीं छायाचित्रें पन्नास वर्षांनीं कोणी तरी भिंग घेऊन पाहील आणि आपण कसे होतों तें ठरवील. तेव्हां यांत जें लिहाल तें खरें लिहा, छायाचित्राखालीं सर्वांचीं पूर्ण नांवें द्या, आणि अंक वाचून झाल्यावर तो रद्दींत न घालतां घरच्या दप्तरांत जपून ठेवा.